देवकुंडची वाट, मैत्रिणीच्या चालीने

माझ्या एका मैत्रिणीने चाळिशी ओलांडेपर्यंत पर्वतीच्या पायऱ्यांपलीकडे काहीही चढलेले नव्हते. दिवाळीत फराळाला आली असताना ती म्हणाली, "मला एकदा धबधब्यापर्यंत चालत घेऊन चल." मी देवकुंड सुचवले, कारण भिरा गावापासून ती वाट एका बाजूने सुमारे सहा किलोमीटर असली तरी तिचा मोठा भाग सपाटीचा आहे आणि खरा चढ शेवटी येतो. पावसाळ्यात तिथले ओढे पाहता पाहता फुगतात, त्यात जीव गेलेले आहेत आणि प्रशासनाने वेळोवेळी बंदीचे आदेशही काढलेले आहेत. म्हणून आम्ही नोव्हेंबरमधला शनिवार ठरवला.

पहाटे पाचला पुणे सोडले. मुळशीच्या जलाशयाकाठी झुंजुमुंजू झाले. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचे पाणी सह्याद्री ओलांडून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाते आणि ते केंद्र १९२७ पासून चालू आहे, हे मी तिला गाडीतच सांगितले. आम्ही मात्र ताम्हिणी घाट उतरून, पाटणूसमार्गे भिऱ्याला पोहोचलो आणि गावातला एक तरुण वाटाड्या सोबत घेतला. निघण्यापूर्वी तिघांनी मिळून एक गोष्ट पक्की केली: साडेअकरा वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे.

पहिल्या तासात चूक माझ्याकडून झाली. सवयीने मी आणि वाटाड्या पुढे, ती मागे, असे आम्ही चालत होतो. दर पंधरा मिनिटांनी आम्ही थांबायचो, ती धापा टाकत येऊन पोहोचायची आणि ती पोहोचली की आम्ही लगेच निघायचो. तिसऱ्यांदा असे झाल्यावर तिच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्या लक्षात आले की विश्रांती फक्त आम्हालाच मिळत होती. तिच्या वाट्याला ती एकदाही आलेली नव्हती. मग मी क्रम बदलला. वाटाड्या पुढे, त्याच्या पाठोपाठ ती आणि सर्वांत मागे मी. बोलताना एक पूर्ण वाक्य न थांबता म्हणता येईल इतकाच वेग ठेव, असे तिला सांगितले. त्यानंतर आम्ही हळू चाललो खरे, पण थांबणे जवळजवळ बंद झाले आणि ती आपल्या मुलीच्या दहावीबद्दल सलग बोलू लागली. नवख्या माणसाला कधीही शेवटी ठेवू नये, हे मी इतरांकडून अनेकदा ऐकले होते. स्वतः मागून चालल्यावर ते मला खऱ्या अर्थाने पटले.

ओढा ओलांडताना ती बूट काढू लागली, तेव्हा मी तिला अडवले. पाण्याखालचे शेवाळलेले दगड अनवाणी पायाला धार्जिणे नसतात. बूट ओले झाले तरी चालतात. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवायचे आणि काठी भक्कम टेकल्याशिवाय पाय उचलायचा नाही, एवढे तिने नीट ऐकले आणि तसेच केले. पलीकडच्या काठावर पाय ठेवताच मात्र तिच्या उजव्या बुटाचा सोल टाचेपासून चवड्यापर्यंत सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. बूट दिसायला कोरे होते, पण पाच-सहा वर्षे कपाटात पडून होते. अशा बुटांच्या तळव्यातले पॉलियुरेथेन न वापरताही हवेतल्या ओलाव्याने ठिसूळ होते, हे मला माहीत होते. "नवीनच आहेत गं" या तिच्या शब्दांवर समाधान न मानता मी ते वाकवून पाहायला हवे होते.

"ताई, बसा, बूट बघू," असे म्हणत वाटाड्याने खिशातून सुतळीचे गुंडाळे काढले. त्याने चवड्याला दोन वेढे घेतले, एक वेढा टाचेमागून नेला आणि गाठ पायाच्या वरच्या बाजूला मारली, कारण ती तळाखाली आली असती तर दगडावर घासून तुटली असती. डाव्या बुटालाही त्याने आधीच बांधून टाकले. संध्याकाळपर्यंत डावा सोलही सुटला, पण सुतळीत अडकून राहिला.

शेवटचा चढ झाडीतून आणि मोठाल्या दगडांमधून आहे. तिथे ती दोनदा बसली आणि दुसऱ्यांदा म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते." घड्याळात अकराला पाच कमी होते. मी तिला आग्रह केला नाही. अजून पस्तीस मिनिटे आपली आहेत आणि तिला एकटी सोडून कोणीही पुढे जाणार नाही, एवढेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मीठ लावलेली लिंबाची फोड चोखली आणि उठली. आम्ही कुंडाशी पोहोचलो तेव्हा अकरा वीस झाले होते. कातळाच्या उभ्या भिंतीवरून धार सरळ खालच्या हिरव्या डोहात पडत होती आणि तुषार आमच्यापर्यंत येत होते. डोह खोल असल्याने आम्ही पाण्यात उतरलो नाही. ती एका दगडावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली आणि मी निघायची आठवण करेपर्यंत एक शब्दही बोलली नाही.

उतरताना तिच्या गुडघ्यांनी त्रास दिला. बोटे पुढे आपटू नयेत म्हणून नाड्या घट्ट करून, पावले आखूड आणि थोडी तिरकी टाकत आम्ही तीन तास घेतले. भिऱ्यात एका घरी नाचणीची भाकरी आणि पिठले सांगून ठेवले होते. अंगणात वाटाड्याने दोन्ही बुटांच्या गाठी न कापता सोडवल्या, सुतळी पुन्हा गुंडाळली आणि खिशात ठेवली.