ओवी म्हणताना दम लागतो तेव्हा

शनिवार, रात्री

दुपारभर पाऊस. तरी ठाण्यातल्या लोकमान्यनगरच्या आमच्या खोलीत सतरंजीवर बसायला जागा उरली नव्हती. खोली दहा बाय पंधराची. एका भिंतीला बीपी-शुगरचं टेबल, खिडकीपाशी कागदपत्रांचं, मध्ये ओव्या म्हणणाऱ्या बायका आणि दारापाशी वारली काढणारी मुलं. आरोग्याचा वार वेगळा, अर्जांचा वेगळा, कलेचा वेगळा अशी विभागणी पुष्कळ संस्था करतात. अहवाल लिहायला ती सोयीची पडते. पण वस्तीतलं माणूस "मला रक्तक्षय झालाय" असं म्हणत दारात उभं राहत नाही. बाई ओव्या म्हणायला येते आणि तिसऱ्या ओळीला तिचा दम तुटतो.

ती तिसरी ओळ कान देऊन ऐकायची. सातारा-सांगलीकडच्या, कोकणातल्या बायकांना जात्यावरची ओवी आईकडून आलेली असते, श्वास कुठे घ्यायचा हे गळ्यात बसलेलं असतं. गेल्या महिन्यात ओळ सबंध म्हणणारी बाई आज मध्येच थांबत असेल, तर खालच्या पापणीची आतली कड बघावी. फिकट दिसली की हिमोग्लोबिन. बाईचं १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली, म्हणजे रक्तक्षय. दम हृदयामुळेही लागतो, फुप्फुसामुळेही. म्हणून लोहाच्या गोळ्या हातावर ठेवून मोकळं व्हायचं नाही, दवाखान्याची चिठ्ठी द्यायचीच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की दोन गोष्टी आपण सांगायच्या. चहाबरोबर घेतली तर गोळी अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर जास्त लागते. आणि शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे दुसरं आधी सांगितलं नाही, तर आठवड्यात पाकीट फडताळात जातं.

मुलांच्या रेघांवरूनही कळतं. नाक कागदाला टेकवून माणसं काढणाऱ्या मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. ती टोकं जुळवायला एखाद्या आजीला पुन्हा पुन्हा चुकायला होत असेल, तर मोतीबिंदूची शंका घ्यावी. डोळे तपासायच्या शिबिराला ज्या आजी "मला सगळं दिसतं गं" म्हणून येत नाहीत, त्या नातवाबरोबर चित्र काढायला मात्र येतात.

रंगाचं लिहून ठेवतो, कारण नवी मुलं दर वेळी विचारतात. तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी बारीक वाटायचे. वाटीभर वाटणाला दोन चमचे डिंकाचं घट्ट पाणी. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला येतो, जास्त झाला तर रेघ तडकते. खाली गेरू. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंच्यासारखं मऊ करायचं. हे सगळं कागदावर आणि कापडावर ठीक. चाळीच्या बाहेरच्या भिंतीवर हा रंग ठाण्याच्या एका पावसाळ्यातही टिकत नाही, आधी बुरशी आणि मग पोपडे. भिंतीला बाहेरचा इमल्शन रंगच घ्यावा आणि काम दिवाळीनंतर, भिंत पूर्ण सुकल्यावर काढावं. येऊरच्या वारली पाड्यांवरची माणसं शिकवायला आली तर त्यांना दिवसाची मजुरी द्यायची, नुसतं श्रीफळ आणि शाल नाही. कला त्यांची आहे.

रविवार

बीपीची वही तपासली. १४० च्या पुढचे आकडे नेहमीपेक्षा जास्त दिसले. आकडे खोटे नसतात, मोजणी घाईची असते. जिना चढून आलेल्या बाईच्या दंडाला लगेच पट्टा बांधला की आकडा चढाच येणार. "मावशी, आधी पाच मिनिटं टेका" हे म्हणायलाच हवं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री झालेली नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं. मोजताना गप्पा बंद, मोजणाऱ्याच्याही. दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजायचं, आणि आकडा १४०/९० किंवा वर राहिला तर वेगळ्या दिवशी पुन्हा बोलवायचं. पट्ट्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडाला असतो. जाड दंडाला तोच बांधला की आकडा फुगतो. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, तो घेतलाच पाहिजे.

शुगरच्या पट्ट्यांना पावसाळी दमट हवा मानवत नाही. डबीचं झाकण एक पट्टी काढली की लगेच बंद. डबी उघडल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहायची, कारण उघडल्यावर पट्ट्या काही महिनेच चालतात आणि ती मुदत छापील तारखेच्या आधी संपते. हात साबणाने धुऊन पुसलेले हवेत. केळं खाल्लेल्या बोटाची शुगर केळ्याची येते. स्पिरिट लावलं तर वाळू द्यायचं. सुई बोटाच्या कडेला, मधोमध नाही. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा, आणि तो पिळून काढायचा नाही. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आलं तरी "तुम्हाला डायबेटिस आहे" असं टेबलावर बसून कुणी बोलायचं नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नसेतून रक्त देऊन तपासायचं, मग डॉक्टर सांगतील.

मंगळवार

खिडकीचं टेबल. तीन तासांत दोनच अर्ज पुरे झाले आणि ते बरोबरच आहे. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट वर्षाला २१,००० रुपयांच्या आतल्या उत्पन्नाची. चार घरची धुणीभांडी करणारी बाई ठाण्यात याहून जास्त कमावते आणि तरी तिचं भागत नाही. ही मर्यादा वाढायला हवी, ही मागणी लावून धरलीच पाहिजे. तोवर जी बाई खरोखर बसते तिचा अर्ज एकाही कागदासाठी परत येता कामा नये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, नवऱ्याचा मृत्यूदाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक.

अर्ज अडतो तो नावावर. रेशनकार्डावर "सुमनबाई", आधारवर "सुमन", पासबुकात माहेरचं आडनाव. म्हणून पहिल्या दिवशी फॉर्म भरायचाच नाही. सगळे कागद सतरंजीवर एका ओळीत मांडून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख बोट ठेवून वाचायची. फरक दिसला की आधी आधार दुरुस्त करायचं, बाकीचे कागद त्याच्या मागून.

मंजुरी आली आणि पैसे आले नाहीत, ही दुसरी ओरड. बहुतेक वेळा पैसे आलेले असतात, पण भलत्या खात्यात. थेट जमा होणारी रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. मधल्या काळात कुणी शिबिरात शून्य शिल्लकीचं खातं उघडून दिलेलं असतं, बाई ते विसरलेली असते. आधारच्या संकेतस्थळावर सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. त्यासाठी ओटीपी लागतो, म्हणून मोबाइल नंबर चालू हवा. मुलगा नंबर बदलतो आणि आईचं पेन्शन अडकतं. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा राहिला तरी तेच. वहीत प्रत्येकीच्या नावासमोर त्याची तारीख आपणच लिहून ठेवायची.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडपाठ व्हावं: ॲडमिट होताना, बिल होण्याआधी, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा तिथला माणूस. योजनेत बसणाऱ्या उपचाराची मंजुरी आधी घ्यावी लागते. खिशातून पैसे भरून नंतर मागायला गेलं की मिळत नाहीत. हेल्पलाइन १५५३८८, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो.

गुरुवार

मुलांच्या नाटकाची तालीम. रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्तीतल्या मुलांनी आपले विषय आपणच रचून करायचे, ही वाट त्यातून या शहरात रुळली. त्या वाटेवर एक पथ्य पाळावं लागतं. मुलं प्रसंग रचतात तेव्हा त्यांत दारू येते, मार येतो, नळावरचं भांडण येतं. ते प्रसंग पुरावा म्हणून वापरायचे नाहीत, आणि ज्या मुलाच्या घरी मार आहे त्यालाच मार खाणाऱ्याची भूमिका द्यायची नाही. शंका आली तर तालीम संपल्यावर त्याच्या आईशी बोलायचं, तेही एकटीशी.

हे बोलणं बीपीच्या टेबलावर होत नाही. मागे रांगेत सासू उभी असते, शेजारीण उभी असते. दाराकडे पाठ येईल अशी एक खुर्ची कोपऱ्यात ठेवलेली आहे. "ताई, चित्रांचे कागद मोजायला या जरा" म्हणून तिला तिथे न्यायचं. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आणि संरक्षण अधिकारी कोण, एवढं सांगायचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नवऱ्याच्या घरात राहायचा हक्क मागता येतो, हे बहुतेकींना पहिल्यांदाच कळतं. तक्रार करायची की नाही हे तिचं तिने ठरवायचं. नाही म्हणाली तरी आधार, रेशनकार्ड, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला यांच्या प्रती कपाटात ठेवून घेतो. घर सोडायची वेळ आली तर कागदांसाठी मागे फिरायला लागू नये.

मनाच्या दुखण्याबद्दल या शहरात विशेष जपून बोलावं लागतं. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि "ठाण्याला पाठवू" ही धमकी अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलेली आहे. म्हणून मानसिक हा शब्द आधी काढायचा नाही. "काकी, झोप कशी लागते? जेवणाची चव कळते का?" एवढं विचारलं की बोलणं सुरू होतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, भूक नाही आणि कशातच मन नाही असं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर तिथेच लावून देतो, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा निघाली तर मात्र नुसता नंबर पुरत नाही. घरातल्या एका माणसाला बोलवायचं, एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

शुक्रवार

गणपती जवळ आले. खोपटच्या आगारातून कोकणच्या गाड्या सुटायला लागतील आणि टीबीच्या गोळ्या चुकायचे दिवस हेच. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची, रोज, न चुकता. दोन महिन्यांनी ताप जातो, वजन भरतं, माणूस म्हणतो बरा झालो. लघवी लाल-केशरी दिसली की घाबरून गोळ्या बंद करणारेही असतात, तो रंग गोळीचाच असतो. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. म्हणून महिन्याला वजन करायचं. तीनवर असलेला माणूस चांगला जेवून ५३ वर गेला असेल तर आरोग्य केंद्राला कळवायचं, मात्रा बदलायची ती तेच ठरवतील. महिन्याचे १,००० रुपये पोषणाचे खात्यात येतात की नाही, तेही मंगळवारच्याच पद्धतीने बघायचं.

ढोलकी आणि झांजांचा सराव उद्यापासून. त्या गटातल्या, टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या आणि गावी निघणाऱ्या दोघांची नावं आज आरोग्य केंद्रात दिली. जाताना उपचाराचं कार्ड बरोबर, गावाजवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता कार्डाच्या मागे. दहा दिवसांची रजा असली तरी गाडी चुकते, घाट बंद होतो, म्हणून बारा दिवसांच्या गोळ्या मागायच्या. एकाला रोज तीन, त्याच्या छत्तीस. दुसऱ्याला चार, त्याच्या अठ्ठेचाळीस.