पाचवे नाव

२०२४ च्या जूनमध्ये डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीपर्यंतचा सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता दाजींनी एकट्यानेच गाडी चालवून पार केला, कारण अमेरिकेत गाडी चालवण्याचा परवाना माझ्याकडे नव्हता आणि भाचा अवघा पंधरा वर्षांचा होता. दाजींना बास्केटबॉलमध्ये काडीचाही रस नाही. मुलगा वर्षभर ड्राफ्टच्या रात्रीची, म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या रात्रीची, वाट पाहतो आहे आणि मामा पुण्याहून आलेला आहे, एवढ्याच कारणासाठी त्यांनी कचेरीतून दोन दिवसांची रजा काढली होती. ओहायोचा सरळसोट टोल रस्ता आणि नंतर पेनसिल्व्हेनियाचे न संपणारे हिरवे डोंगर यांविषयी सांगण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही, कारण त्या दहा तासांतला बहुतेक वेळ मी मागच्या सीटवर भाच्याची चौकटीची वही मांडीवर घेऊन बसलो होतो.

त्या वहीविषयी मात्र सांगायला हवे. ताईने सुट्टीपुरती अट घातली होती की रोज एक पान मराठीत लिहायचे. रविवारच्या मराठी शाळेतली अक्षरे जूनपासून सप्टेंबरपर्यंत विसरली जातात, हा तिचा अनुभव होता. भाच्याने विषय स्वतःच निवडला. प्रत्येक पानावर एका खेळाडूचे नाव, त्याखाली उंची, वय, कॉलेज, तीन गुणांच्या फटक्यांची टक्केवारी, आणि सगळ्यात खाली त्याचे स्वतःचे मत, असा तो आराखडा होता. 'रीड शेपर्ड, केंटकी, ५२.१ टक्के' या पानाला त्याने पिवळ्या रंगाने चौकट काढली होती. 'स्टेफन कॅसल' या पानावर कोपऱ्यात 'मामाचा' असे लिहिले होते. 'रॉन हॉलंड' या पानावर मात्र एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची तिरपी रेघ होती आणि खाली दोनच शब्द होते : शूटिंग कच्चे.

आमचा संघ डेट्रॉइट पिस्टन्स. 'आमचा' हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. २००४ च्या जूनमध्ये कॉलेजला जाण्याआधी सकाळी साडेसहाला टीव्हीसमोर बसून मी या संघाला अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सवर ४-१ अशी मात करताना पाहिले, तेव्हापासून तो माझा आहे. त्या संघात आकाशाला भिडलेला एकही तारा नव्हता. बेन वॉलेसला तर ड्राफ्टमध्ये कोणी निवडलेही नव्हते, आणि चॉन्सी बिलप्सला एकामागून एक संघांनी सोडून दिले होते. डेक्कन जिमखान्यावर खेळणाऱ्या, उंचीने बेताच्या असलेल्या आमच्यासारख्या मुलांना तो संघ आपला वाटला यात नवल नव्हते.

भाच्याच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. तो जन्मला २००९ साली, आणि त्याआधी पिस्टन्सने प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांमधला, शेवटचा सामना जिंकला होता तो मे २००८ मध्ये. २०२४ च्या त्या जूनपर्यंत त्याच्या आयुष्यात या संघाने प्लेऑफमध्ये एकही विजय पाहिलेला नव्हता. २०२३ च्या हिवाळ्यात तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून संघ सलग २८ सामने हरला. एका हंगामात सलग एवढे सामने याआधी कोणताही संघ हरला नव्हता. पुण्यात पहाटे साडेपाचला मी फोन लावायचो, तिकडे त्याची संध्याकाळ असायची, आणि चौथ्या भागात आघाडी निसटू लागली की तो बोलणे थांबवायचा. ३१ डिसेंबरच्या सकाळी आम्ही टोरंटोला १२९-१२७ असे हरवले तेव्हा फोनवर तो रडला. हंगाम संपला तेव्हा हिशोब होता १४ विजय आणि ६८ पराभव.

अशा संघाच्या चाहत्याला ड्राफ्टचाच आधार असतो. जो सगळ्यात जास्त हरला त्याला नव्या पोरांतून आधी निवडू द्यायचे, ही या व्यवस्थेमागची कल्पना मला आजही फार माणुसकीची वाटते. मात्र संघांनी मुद्दाम हरू नये म्हणून मध्ये सोडत ठेवलेली आहे. १ ते १४ आकडे घातलेले चेंडू यंत्रात फिरवतात, चार बाहेर काढतात, आणि त्या चारांच्या १,००१ जुळण्यांपैकी एक बाद करून उरलेल्या हजार संघांमध्ये वाटलेल्या असतात. २०२४ च्या नियमांनुसार तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४० मिळत. म्हणजे सर्वांत वाईट संघालाही पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता अवघी १४ टक्के, आणि घसरून पाचव्या क्रमांकावर जाण्याची ४७.९ टक्के. २०२३ मध्ये आम्ही तळाला होतो आणि पाचवे झालो. त्या वर्षी सगळ्यांना हवा असलेला व्हिक्टर वेम्बन्यामा सॅन अँटोनिओला गेला. २०२४ मध्ये १२ मे रोजी पुन्हा तळाला होतो आणि पुन्हा पाचवे झालो. २०२२ मध्येही पाचवाच क्रमांक होता. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती. व्हिडिओ कॉलवर पाचव्या क्रमांकाच्या कार्डावर आमच्या संघाचे चिन्ह दिसले, तेव्हा भाच्याने मोबाइल उलटा ठेवला आणि मला त्यानंतर बराच वेळ फक्त काळा पडदा दिसत राहिला. त्या रात्रीच मी ठरवले की जूनच्या भेटीत याला ड्राफ्टला घेऊन जायचे.

जर्सी सिटीत आम्ही दाजींच्या जुन्या मित्राकडे उतरलो. न्यूयॉर्कमध्ये पाहण्यासारखे जे जे असते त्यातले आम्ही काहीच पाहिले नाही, आणि मला त्याची खंत नाही. दुपारी चारलाच पाथ गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि तिथून भुयारी रेल्वेने ब्रुकलिनमधले अटलांटिक अॅव्हेन्यू गाठले. स्थानकातून वर आले की गंजलेल्या पोलादाच्या रंगाची बार्कलेज सेंटरची ती अवाढव्य इमारत अंगावर येते. भाचा पायऱ्यांवरच थांबला आणि त्याने अंगातला पिस्टन्सच्या केड कनिंगहॅमचा दोन नंबरचा जर्सी सारखा केला.

याच सभागृहात २०१५ च्या जूनमध्ये सतनाम सिंगचे नाव पुकारले गेले होते. पंजाबातल्या बल्लो के गावातला सात फूट दोन इंचांचा शेतकऱ्याचा मुलगा, डॅलसने ५२ वा निवडलेला, आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. पुढे त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. तरी त्या दिवशी आम्ही जिमखान्यावर पेढे वाटले होते, हे मी भाच्याला पायऱ्यांवर सांगितले. त्याने विचारले, "मामा, कोणाला वाटले?" मी म्हणालो, जे भेटतील त्यांना.

तिकिटांविषयी मला मनापासून तक्रार आहे. पुनर्विक्रीच्या एका संकेतस्थळावर जी किंमत दिसली, तिच्यात पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर जवळजवळ एक तृतीयांश शुल्काची भर पडली, आणि एवढे मोजूनही आमच्या जागेसमोर कॅमेऱ्याची लांब क्रेन सतत डोलत होती. त्याहून अधिक जाणवले ते हे, की हा सोहळा सभागृहातल्या माणसांसाठी नसून टीव्हीसाठी आहे. घरी बसलेल्याला समालोचन ऐकू येते, आकडे दिसतात. आम्हाला मात्र प्रत्येक निवडीआधीची पाच-पाच मिनिटे फक्त मोठ्याने वाजणारे संगीत आणि उलटे धावणारे घड्याळ. अदलाबदलीच्या बातम्या आधी लोकांच्या फोनवर येतात आणि मग व्यासपीठावर. एखादा मुलगा ज्या संघाची टोपी घालून फोटो काढतो, त्या संघाकडे तो जाणारच नसतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे, कारण मी घेतले नव्हते आणि पहिल्या अर्ध्या तासात भाचा तीनदा मला विचारत होता की आता काय चालले आहे.

भोवती बहुतेक न्यूयॉर्क निक्स संघाचे चाहते होते आणि ते आनंदात होते, कारण आदल्याच रात्री त्यांच्या संघाने ब्रुकलिन नेट्स संघाकडून मिकाल ब्रिजेसला मिळवले होते. खुद्द ब्रुकलिनच्या चाहत्यांचे मला वाईट वाटत होते. त्यांच्याच घरात सोहळा, आणि त्यांच्या हक्काचा तिसरा क्रमांक जुन्या व्यवहारात ह्यूस्टनकडे गेलेला.

अॅडम सिल्व्हर, एनबीएचे आयुक्त, व्यासपीठावर आले. पहिला, झाकारी रिसाशे, अटलांटा. दुसरा, अॅलेक्स सार, वॉशिंग्टन. दोघेही फ्रान्सचे, दोघेही आमच्या हिशोबात नव्हते. तिसऱ्या नावाआधी भाच्याने पिवळ्या चौकटीचे पान उघडून गुडघ्यावर ठेवले. ह्यूस्टनने रीड शेपर्डला निवडले. भाचा काही बोलला नाही. त्याने पान उलटून 'मामाचा' असे लिहिलेले पान उघडले आणि वही माझ्याकडे सरकवली. स्टेफन कॅसल नुकताच कनेक्टिकटकडून कॉलेजचे विजेतेपद जिंकून आलेला, बचावाला खमका, आणि कनिंगहॅमच्या शेजारी तो कसा शोभेल याचे चित्र मी महिनाभर मनात रंगवले होते. पाच मिनिटांनी सॅन अँटोनिओने त्याला नेले.

मग आमचे घड्याळ सुरू झाले. पडद्यावर पिस्टन्सचे चिन्ह आणि ५:०० हा आकडा. मला पहिल्या प्रेमपत्राच्या उत्तराचीही अशी वाट पाहिल्याचे आठवत नाही. आठवडाभरापूर्वीच संघाने प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स यांना काढले होते, नवे प्रमुख ट्रेजन लँग्डन यांना येऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्यांची ही पहिलीच निवड होती. मी मनात जुनी नावे मोजत होतो. जो ड्यूमार्स १९८५ मध्ये १८ वा आला होता, डेनिस रॉडमन १९८६ मध्ये २७ वा, आणि दोघांनीही डेट्रॉइटला १९८९ आणि १९९०ची विजेतेपदे मिळवून दिली. उलट २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आम्ही कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड या तिघांना सोडून डार्को मिलिचिचला घेतले होते. पाचवा क्रमांक म्हणजे संपले असे नसते, हे मला त्याला सांगायचे होते, पण तो घड्याळाकडे पाहत होता. ओठ घट्ट मिटलेले होते आणि हातातली पेन्सिल तो नखाने टोकरत होता. "बुझेलिस," तो पुटपुटला, "मामा, निदान बुझेलिस तरी."

नाव आले ते रॉन हॉलंड.

आमच्या मागच्या रांगेत पिस्टन्सची टोपी घातलेले चार-पाच जण बसले होते. त्यांच्यातल्या एकाने मोठ्याने नापसंती दाखवली आणि बाकीच्यांनी त्याला साथ दिली. निक्सवाल्यांनीही मजा म्हणून आवाज चढवला. खाली हॉलंडच्या टेबलावरची माणसे उठून त्याला मिठी मारत होती. अठरा वर्षांचा मुलगा, टेक्सासमधल्या डंकनव्हिलचा, कॉलेजऐवजी तरुण खेळाडूंसाठीच्या इग्नाइट संघाकडून खेळलेला. याच इग्नाइटकडून काही वर्षांपूर्वी आपला प्रिन्सपाल सिंगही खेळला होता. २०२३-२४ च्या हंगामात तो संघ जवळजवळ सगळे सामने हरला आणि हंगाम संपताच कायमचा बंद झाला. आमच्या टोपीचा निळा रंग त्याच्या डोक्यावर चढला आणि तो पायऱ्या चढू लागला, तेव्हा मागून येणारा तो आवाज मला असह्य झाला. एका मुलाच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी त्याच्याच नव्या घरातली माणसे असे स्वागत करतात, याची मला लाज वाटली.

भाच्याकडे पाहण्याचे धैर्य मला होत नव्हते. पाहिले तेव्हा त्याने वहीतले ते पान काढले होते, रेघ मारलेले. त्याने खिशातून पांढरा खोडरबर काढला, वही मांडीवर दाबून धरली आणि वरच्या कोपऱ्यापासून ती तिरपी रेघ खोडायला सुरुवात केली. रेघ दाबून मारलेली होती. कागदावर तिचा खळगा राहिला, पण काळेपणा गेला. रबराचे बारीक करडे तुकडे त्याच्या जर्सीवर, गुडघ्यावर, माझ्या हातावर पडत होते. ते त्याने फुंकरीने उडवले. 'शूटिंग कच्चे' हे शब्द त्याने खोडले नाहीत. त्यांच्यापुढे लिहिले, 'पण शिकेल.' मग तो उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागला. हॉलंड तोवर सिल्व्हर यांच्याशी हस्तांदोलन करून पलीकडे गेला होता. मीही उभा राहिलो. क्रेन पुन्हा समोर आली आणि व्यासपीठ झाकले गेले, तरी आम्ही टाळ्या वाजवतच होतो.

पुढची पंचवीस नावे मी धड ऐकली नाहीत. बुझेलिस अकराव्या क्रमांकावर त्याच्या गावाला, शिकागोला गेला, तेवढे आठवते.

रात्री एक वाजता जर्सी सिटीला पोचलो तेव्हा दाजींच्या मित्राच्या पत्नी जाग्या होत्या. मी संकोचाने म्हणालो, "वहिनी, तुम्ही उगीच थांबलात." त्यांनी काही न बोलता झाकण काढून गरम पिठले आणि भाकरी वाढली, आणि भाच्याला विचारले, "मिळाला का रे तुमचा मुलगा?" इतका नेमका प्रश्न त्या दिवसात कोणी विचारला नव्हता. अमेरिकेत मी अनेक घरी जेवलो, पण त्या पिठल्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दुसरी फेरी त्याच दुपारी होती आणि तिच्यासाठी थांबणे दाजींना शक्य नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात मोबाइलची रेंज जात-येत होती. ओहायोच्या टोल रस्त्याला लागल्यावर साडेचारच्या सुमारास भाच्याचा फोन वाजला. मिनेसोटाशी व्यवहार करून आम्ही ३७ वा क्रमांक मिळवला होता आणि बॉबी क्लिंटमनला घेतले होते. स्वीडनचा मुलगा, ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या संघाकडून खेळलेला. भाच्याच्या वहीत त्याचे पान नव्हते. त्याने कोरे पान उघडले, वही माझ्या पाठीशी टेकवून धरायला मला पुढे वाकायला सांगितले, कारण गाडी हलत होती, आणि 'बॉबी' लिहून थांबला.

"मामा," त्याने विचारले, "क्लिंटमनमधला ट आणि म जोडून लिहायचा की वेगळा?"