आधी तळवे दाखवा

कातडीचा कॅन्सर टाळायला काय खावं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मालवण-देवगडच्या पट्ट्यात तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. निवृत्त झाले तरी बाजारात, एसटीत कुणी ना कुणी थांबवतंच, "बाईनू, काय खाल्ल्यार कातडीचो कॅन्सर होवचो नाय?" मोबाइलवर काहीतरी आलेलं असतं. रोज गाजर खा, हळदीचं पाणी प्या, उपाशीपोटी कोकमाचं आगळ घ्या.

मी म्हणते, आधी चपला काढा, तळवे दाखवा.

रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला जाणारे एक काका होते, साठी उलटलेले. टाचेला कुरूप झालं म्हणून त्यांनी घरीच बिब्बा घातला. आपल्याकडे घालतातच. दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की चटका द्यायचा. बिब्ब्याचा डाग काळाच पडतो, त्यामुळे टाच काळी दिसली त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. "ह्यो बिब्ब्याचो डाग, जातलो," काका म्हणाले, आणि मीही मान हलवली. ते साखर तपासायला आले होते. मी बोटाला सुई टोचली, आकडा लिहिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. खाली वाकून तो पाय हातात घेतला नाही.

वर्षभराने पाहिला तेव्हा डाग रुपयाएवढा झाला होता. एकीकडे गर्द काळा, दुसरीकडे तपकिरी, टिपकागदावर शाई पसरावी तशा कडा, आणि मधोमध ओल. तुकडा काढून तपासला, तर मेलेनोमा. जांघेत गाठही आली होती. पुढचा आंब्याचा हंगाम काकांनी पाहिला नाही. बिब्ब्यामुळे कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही. बिब्ब्याने तो झाकला, आणि मी झाकू दिला.

मेलेनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्या सावळ्या कातडीतला हाच रंग ऊन बराचसा अडवतो, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे कातडीचे कॅन्सर फार कमी. पण सावळ्या माणसाला मेलेनोमा झालाच, तर तो बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन फारसं पोचत नाही. म्हणून तळव्यावरचा वाढत जाणारा काळा डाग किंवा एकाच नखातली रुंद होत जाणारी काळी पट्टी दिसली की डॉक्टर गाठायचा.

दुसरी गोष्ट जुन्या जखमांची. लहानपणी चुलीवर भाजलेल्या पायाचा व्रण वीस-तीस वर्षांनी पुन्हा फुटतो, चिघळतो, आणि माणूस म्हणतो, जुनंच आहे. अशा व्रणात कॅन्सर होऊ शकतो. महिनाभरात न भरलेली जखम, मग ती मधुमेहाची वाटो की काट्याची, दाखवलीच पाहिजे. नुसतं मलम बदलत बसू नये.

आणि बायकांनो, परकराची नाडी. 1945 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. पुढे साडीच्या बाबतीतही तसंच आढळलं. वर्षानुवर्षं एकाच जागी काचतं, कातडी काळी पडते, खवले धरतात, भेगा जातात. फार क्वचित त्यातून पुढे कॅन्सर होतो. नाडी रुंद पट्टीची घ्या, सैल बांधा, रोज थोडी वर-खाली बांधा. एवढंच करायचंय, पण लाजेपायी ती काळी रेघ कुणी दाखवत नाही.

उन्हाकडे दुर्लक्ष करा असंही नाही. उन्हातले अतिनील किरण कॅन्सर करतात, यात शंका नाही. ओठ, कान, डोळे यांना ते लागतातच, आणि वाळू नि पाण्याचा फेस ते खालूनही अंगावर फेकतात. ढग आले म्हणून ते थांबत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सावलीत यायचं, घड्याळ नको. मासळी वाळत घालायची ती सकाळी लवकर. मग लांब बाह्या, डोक्याला पंचा, रुंद काठाची टोपी. खोबरेल तेल कातडीला चांगलं, पण ऊन अडवायची ताकद त्यात फार थोडी. जन्मापासून केस, अंग पांढरं असलेलं मूल घरात असेल, तर त्याला मात्र सनस्क्रीन, टोपी, सावली यातलं काहीच चुकवू नका. त्याच्या कातडीत ऊन अडवणारा रंगच नाही.

आता खाण्याचं. गाजर-आंब्यात असतं ते बीटा-कॅरोटीन अमेरिकेत 1,805 जणांवर तपासलं. सगळ्यांना आधी कातडीचा कॅन्सर झालेला. निम्म्यांना रोज 50 मिलिग्रॅमची गोळी, निम्म्यांना साधी, औषध नसलेली. 1990 साली निकाल आला, पाच वर्षांत काही फरक नाही. जीवनसत्त्व ब3चा एक प्रकार, निकोटिनामाइड, ऑस्ट्रेलियात 386 जणांवर असाच तपासला. त्यांनाही आधी असे कॅन्सर झालेले. 2015 साली कळलं की तो घेणाऱ्यांत नवे कॅन्सर 23 टक्क्यांनी कमी झाले, पण गोळी बंद केल्यावर फायदाही गेला. आणि ते होते उन्हाने होणारे कॅन्सर, काकांसारखे नव्हेत. म्हणून मनाने गोळ्या घेऊ नका. बांगडा, तांबडा माठ, नाचणी, शेवग्याचा पाला, कोकमाची कढी हे सगळं जरूर खा. रक्त, हाडं, साखर सगळ्याला ते बरं. विडी-तंबाखू सोडा, जखमा लवकर भरतील. पण आगळ प्यायलं म्हणून तळवा बघायचा राहू देऊ नका.

काकांची सून रविवारी संध्याकाळी पडवीत पोरांचे पाय धुते आणि बॅटरी धरून एकेक तळवा, बोटांच्या बेचक्या बघते. मागच्या महिन्यात ती सासूला घेऊन माझ्याकडे आली. म्हातारीच्या टाचेवर मसुराएवढं काळं होतं. मी भिंग लावून पाहिलं, तरी तालुक्याला पाठवलं. ठेच लागून रक्त साकळलं होतं, दुसरं काही नाही. सुनेने बिब्बा घालू दिला नव्हता.