कूलरमधला काळा गाळ

रविवार, रात्री साडेअकरा

हाताला अजून टर्पेंटाईनचा वास येतोय. भांड्याच्या साबणानं दोनदा धुतले, आई म्हणाली बेसन लावून बघ, तेही केलं, तरी नखांच्या कडेला काळं आहेच. पण आजचं आजच लिहून ठेवतो, उद्या कामावर गेलो की निम्मं विसरेन.

आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स काल रात्रीच वर चढला. त्यामुळं आज ऑइल भरायचं आणि चावी मारायची, एवढंच राहिलंय असं घरात सगळ्यांना वाटत होतं. अप्पा तर सात वाजल्यापासनं अंगणात खुर्ची टाकून बसलेले. त्यांचा डावा गुडघा गेल्यापासनं क्लच दाबवत नाही, म्हणून तर ही ऑटोमॅटिक पिकअप घेतली होती, सेकंडहँड, आणि ती तीन महिने स्टँडवर उभी म्हणजे त्यांचं स्वतःहून शेताकडं जाणंच बंद.

"चावी मार की आता, काय बघालाईस?"

"गिअरबॉक्सचं तेल गार करणारा कूलर धुवायचाय अजून, अप्पा."

"त्याला काय हुतंय? हवा मार नि लाव."

मी काही बोललो नाही, पण मला दोन वर्षांपूर्वीचं सगळं आठवत होतं. हा गिअरबॉक्स तेव्हा एकदा बाहेर उघडून झालाय. आतल्या क्लचच्या प्लेटा नव्या, सीलं नवी, बिल भरपूर, आणि कूलरकडं कुणी बघितलंही नाही. मलाही तेव्हा विचारायचं कळत नव्हतं. वर्षभर बरा चालला आणि मग तिसरा गिअर घसरायला लागला, राधानगरी रोडला उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत आलो की आरपीएम वर आणि गाडी जागेवर. या खेपेला मी स्वतः उघडला. तिसऱ्याच्या प्लेटा जळलेल्या असणार हे माहीतच होतं, पण मागचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी, निळा पडून खाल्लेला आणि प्लॅनेटरीच्या, म्हणजे आतल्या दात्यांच्या चाकांच्या, पिना काळ्यानिळ्या, ते बघून पोटात गोळा आला. तिथं तेल पोचलंच नव्हतं.

कारण कळायला मला बरेच दिवस लागले. इंजिनची ताकद तेलातनं गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधे तेल घुसळून तापतं, हळू चालीत लॉकअप (दोन्ही थेट जोडणारी पकड) लागत नाही तेव्हा तर जास्तच. ते तापलेलं तेल कूलरला जातं. आणि तिथनं गार होऊन परत येतं ते बहुतेक गिअरबॉक्समधे सरळ चेंबरमधे (खालच्या तेलाच्या डब्यात) पडत नाही, आधी बुश आणि प्लॅनेटरीच्या वंगणाला जातं. फिल्टर कुठं, तर चेंबरमधे, पंपाच्या तोंडाशी. म्हणजे कूलर ते बुश या वाटेवर मधे गाळणीच नाही. जुन्या प्लेटांचा भुगा कूलरच्या जाळीत अडकून बसलेला असला तर तेल कमी येतं, आणि सुटला तर थेट नव्या बुशवर येतो.

बाकीच्या कामाबद्दल आधीच्या पानांवर लिहिलंच आहे. उद्यमनगरात टर्नरकडनं बुश ठोकायचा डाय करून घेतला, प्लेटा रात्रभर एटीएफमधे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात, भिजवल्या, छोट्या स्टीलच्या गोळ्या पडू नयेत म्हणून व्हॅसलीननं चिकटवल्या, आणि प्रत्येक क्लचला हवा देऊन तो 'ठप्' आवाज ऐकला. कन्व्हर्टर दुसरा बसवला, कारण जुना आतनं धुऊन निघत नाही, लेथवर कापूनच साफ करावा लागतो.

तर कूलर. आमच्या गाडीला दोन आहेत, एक रेडिएटरच्या टाकीच्या आत आणि दुसरा पुढं एसीच्या कंडेन्सरसमोर. मधे पाईपवर थर्मोस्टॅटचा एक डबा पण आहे. तेल गार असलं की तो त्याला कूलरपर्यंत जाऊच देत नाही, मधनंच परत फिरवतो. हे माहीत नसतं तर मी बादलीभर टर्पेंटाईन त्या डब्यातनंच गोल फिरवून 'झालं स्वच्छ' म्हणालो असतो. म्हणून तो काढला आणि पाईप, दोन्ही कूलर, सगळं वेगवेगळं धुतलं.

कुठल्या बाजूनं आधी धुवायचं यावर अप्पाच बोलले. "आमी ट्रॅक्टरचा रेडिएटर उलटाच धुवायचो. आल्या वाटंनं घाण भाईर जाती." एवढं म्हणून परत पेपरात डोकं. बरोबर होतं त्यांचं. भुगा ज्या तोंडानं आत शिरून अडकला त्याच तोंडानं सुटतो, सरळ ढकलला तर अजून घट्ट बसतो.

रंगाच्या दुकानातनं पाच लिटर टर्पेंटाईन आणलेलं. पेट्रोल नको म्हणलं, अंगणात देवघराच्या खिडकीखाली काम आणि आत निरांजन. फवारणीचा नवा छोटा पंप घेतला, परतीच्या पाईपला जोडला आणि दाब दिला. पहिलं जे आलं ते काजळीसारखं. आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बादलीवर बांधला होता, त्यावर जो गाळ राहिला तो बोटांनी चोळून बघितला. लोहचुंबक फिरवला तर थोडी लोखंडाची लव चिकटली, बाकी सगळं तसंच राहिलं, प्लेटांचं अस्तर आणि बुशची पिवळी चमक. चुंबक ते ओढत नाही. हे सगळं नव्यानं जोडलेल्या गिअरबॉक्समधे जाणार होतं.

मधे मधे कॉम्प्रेसरनं हवेचे झटके, पण ३० पीएसआयच्या वर नाही. आतला कूलर फुटला तर रेडिएटरचं पाणी तेलात येतं आणि पाणी-कूलंट प्लेटांच्या अस्तराचा गोंदच सोडवतं. हवा देताना रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतात का तेही बघून घेतलं. नाही आले. सातव्या फेरीला लुगड्याचा तुकडा कोरा राहिला.

पुढच्या कूलरनं मात्र फसवलं असतं. तो थरांचा, एकावर एक पट्ट्या. तिसऱ्याच फेरीला स्वच्छ पाणी यावं तसं टर्पेंटाईन यायला लागलं आणि मी खूश. मग सहज लाकडी हातोडीनं हळू ठोकला आणि परत हवा दिली, तर भसकन काळं. काही पट्ट्या पूर्ण बंद असणार, आणि टर्पेंटाईन उघड्या पट्ट्यांतनंच येत होतं. नवा कूलर मी आणून ठेवला होता, जुना स्वच्छ निघाला तर हा परत करायचा म्हणून बॉक्सवरची चिकटपट्टीही काढली नव्हती. ती फाडली. पैसे गेले, पण गिअरबॉक्स उघडल्यावर दिसलेला तो निळा बुश डोळ्यांसमोर होता.

टर्पेंटाईन आत राहून चालत नाही, म्हणून शेवटी एटीएफ ढकललं, लाल स्वच्छ येईपर्यंत. परतीच्या पाईपवर चुंबकवाला फिल्टर बसवला, तो हजार किलोमीटरला बदलायचा.

संध्याकाळी ऑइल भरून परतीचा पाईप मोजायच्या भांड्यात सोडला. न्यूट्रलला, आयडलवर, २० सेकंदांत लिटरभर तरी यायला पाहिजे. अप्पा घड्याळ धरून उभे. "अठरा," म्हणाले, आणि मी पळत जाऊन चावी बंद केली.

लेव्हल ४० डिग्रीला बघितली, पाव लिटर अजून घातलं. मग अप्पाच स्टिअरिंगवर बसले, डावा पाय बाजूला सरळ ठेवून. रंकाळ्यापर्यंत गेलो, तिसरा गिअर पडलेला कळलाही नाही. तिथं थांबून बॉनेट उघडलं आणि दोन्ही पाईपांना हात लावला. जाणारा धरवत नव्हता, येणारा कोमट.