वादळानंतर कलामेळा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी अलाबामातल्या मोबील शहरात मातीची भांडी करते आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने भरणाऱ्या कलामेळ्यांत ती विकते. हे कळलं की पुण्याचे नातेवाईक असोत की अटलांटाच्या मंडळात भेटलेलं एखादं जोडपं, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. हरिकेन, म्हणजे इकडचं चक्रीवादळ, येऊन गेल्यावर या मेळ्यांचं काय होतं? लोकांची घरं गेलेली असताना मेळा भरवणं बरं दिसतं का? आणि भरवलाच, तर तुमचे कप आणि वाडगे घेतं कोण?

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की मेळा भरवावा. लहान झाला तरी चालेल, पण भरवावा. का, ते जरा सविस्तर सांगते.

आधी इकडचं वर्ष कसं चालतं ते बघा. हरिकेनचा हंगाम सरकारी हिशेबाने १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. उन्हाळ्यात इथे असा काही दमट उकाडा असतो की उघड्यावर दिवसभर कुणी फिरकत नाही. त्यामुळे मोठे मेळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि मग वसंतात भरतात. आम्ही कारागीर उन्हाळाभर माल करून ठेवतो, आणि फळ्या भरलेल्या असतात नेमकं तेव्हाच वादळ येतं. आयव्हन आलं १६ सप्टेंबर २००४ला, अलाबामातल्याच गल्फ शोअर्सजवळ. बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला, सॅली त्याच गल्फ शोअर्सवर आलं. कतरिना २९ ऑगस्ट २००५चं, टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनचं आयक १३ सप्टेंबर २००८चं, फ्लोरिडातलं इयान २८ सप्टेंबर २०२२चं. सगळी विक्रीच्या तोंडावर.

माझं माहेर पेणचं, म्हणून ही गोष्ट मला फार जवळून कळते. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पेण-हमरापूरकडच्या गणपतीच्या कारखान्यांची छपरं उडाली आणि मूर्ती भिजल्या. गणेश चतुर्थी होती २२ ऑगस्टला. वर्षभराच्या कमाईचा काळ अडीच महिन्यांवर आलेला असताना हातातला माल जाणं म्हणजे काय, हे पेणच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

वादळात नेमकं काय जातं, हे प्रत्येकाच्या कामावर अवलंबून असतं. कागदावर काम करणाऱ्यांचे हाल सर्वांत वाईट. वीज नाही, एसी नाही, हवा ओली. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. मी त्या मानाने सुदैवी. भाजलेल्या भांड्याला पुराचं पाणी काही करत नाही. फुटलं नसेल तर धुवा आणि पुन्हा फळीवर ठेवा. पण न भाजलेलं भांडं एका रात्रीत परत चिखल होतं. विजेच्या भट्टीत खारं पाणी शिरलं की तारा, जोडण्या, नियंत्रक सगळं गंजतं. प्लास्टरचे साचे मीठ पितात आणि मग मातीतलं पाणी ओढून घेत नाहीत. ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या चकाकीच्या लेपाच्या, बादल्या उलटून एकमेकींत मिसळल्या की कित्येक महिन्यांच्या चाचण्या पाण्यात.

विमा? घराच्या साध्या विम्यात पुराचं पाणी येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. शिवाय घरामागच्या शेडमध्ये विक्रीसाठी ठेवलेल्या मालाला ‘घरातलं सामान’ म्हणता येत नाही, त्यामुळे तो बहुतेक वेळा दोन्हींकडून सुटतो. फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या नियमांतही स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या अवजारांना बरीच वर्षं जागा नव्हती. ती २०२४च्या बदलांनी झाली. हस्तकारागिरांसाठी सर्फ प्लस ही संस्था १९८५पासून मदतीचा हात देते, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. तरीही तिची मदत भट्टीच्या तारांपुरती आणि मातीच्या पोत्यांपुरती. महिन्याचं घरभाडं शेवटी विक्रीतूनच निघतं. म्हणून ‘या वर्षी मेळा रद्द’ ही एका ओळीची सूचना वाचताना आमच्या पोटात गोळा येतो.

आयोजकांच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. ज्या बागेत मेळा भरतो तिथे तुटलेली झाडं, भिजलेल्या गाद्या आणि फ्रीज यांचे ढीग असतात, नाहीतर मदतवाटपाचे तंबू. प्रायोजक म्हणजे गावातलीच दुकानं, आणि ती बंद. स्वयंसेवक आपापल्या घरांच्या ओल्या भिंती फोडताहेत. हॉटेलं विम्याच्या तपासनिसांनी आणि छपरं घालायला आलेल्या कामगारांनी भरलेली, त्यामुळे बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला आणि कारागिराला झोपायला जागा नाही. आणि रस्ता! कतरिनाने मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी आणि ओशन स्प्रिंग्ज यांच्यामधला खाडीपूल असा काही उलथला की नवा पूल २००७च्या नोव्हेंबरपर्यंत सुरू झाला नाही. दोन गावं पाण्यापलीकडून एकमेकांना दिसायची आणि जायला लांबचा वळसा. इयानने सॅनिबेल बेटाचा रस्ता ठिकठिकाणी तोडला होता, तो तीनेक आठवड्यांत तात्पुरता जोडला. मेळ्याचं भवितव्य अशा रस्त्या-पुलांवर ठरतं, चित्रकारांच्या जिद्दीवर नाही.

म्हणून आयोजकांकडे माझं मागणं मोठं नाही. निर्णय लवकर घ्या. जागा बदला, चर्चच्या मैदानात भरवा, दोन दिवसांचा एक दिवस करा. आणि रद्दच करायचा असेल तर बूथचे, म्हणजे मेळ्यातल्या आमच्या जागेचे, पैसे परत करा. आम्ही ते महिनोन् महिने आधी भरलेले असतात, अर्जाची फी वेगळी, आणि वादळानंतर तेच काहीशे डॉलर भट्टीच्या दुरुस्तीला लागतात. काही ठिकाणी ‘पुढच्या वर्षी जमा करू’ असं सांगतात. ज्याचं पुढचं वर्षच अधांतरी आहे, त्याला हे सांगू नये.

आता घेतं कोण, ते सांगते. कतरिनानंतरच्या काळात मिसिसिपीच्या किनाऱ्यावर हजारो कुटुंबं फेमाने दिलेल्या पांढऱ्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरांत, राहत होती. मोठं चित्र घ्यायला त्यांच्याकडे भिंत नव्हती. ज्यांची घरं उभी होती त्यांच्याही भिंती कंबरेपर्यंत उकललेल्या. पण माझ्याकडे लोक येत, आणि सहाचा संच न घेता एक कप घेत, फार तर दोन. ट्रेलरच्या कपाटात तेवढेच मावत. कितीतरी जण कप हातात घेऊन, बोटं कपाच्या कानात अडकवून, काही न बोलता उभे राहत. मदतकेंद्रातून मिळालेली प्लॅस्टिकची भांडी त्यांनी आनंदाने वापरली होती, तक्रार नव्हती. पण स्वतः निवडलेली वस्तू ही त्यांच्या नव्या घरातली पहिली वस्तू होती. मेळा बरा दिसतो की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला. घर गेलेली माणसंच माझ्यासमोर रांगेत होती. त्यांना हे दुकान नको होतं असं दुरून ठरवण्याचा अधिकार कुणाला आहे, मला कळत नाही.

चित्रकारांची पाळी उशिरा येते. भिंतींना नवे तक्ते बसले, रंग लागला, की मग लोक चित्रं शोधत येतात, आणि तेव्हा त्यांना स्वतःच्या किनाऱ्याची चित्रं हवी असतात. पेलिकन, झिंगे पकडणाऱ्या बोटी, ओकची झाडं, वाहून गेलेला धक्का. म्हणूनच मी म्हणते की पहिला मेळा तरून जातो, जड जातो तो दुसरा. पहिल्या वर्षी दूरदूरचे लोक मुद्दाम येतात, थोडं जास्तच घेतात. दुसऱ्या वर्षी बातम्यांतून गाव गेलेलं असतं, मदतीचे पैसे संपलेले असतात आणि विम्याची भांडणं कोर्टात असतात. मी पाहिलेले बहुतेक कारागीर धंदा सोडून गेले ते याच दुसऱ्या वर्षी.

या किनाऱ्याला मातीकामाची मोठी परंपरा आहे, हेही सांगायला हवं. बिलॉक्सीचा जॉर्ज ओर हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा विलक्षण कुंभार. १८९४च्या आगीत त्याची कार्यशाळा जळाली तेव्हा वाकलेली, काळवंडलेली भांडी त्याने फेकली नाहीत. ‘जळकी बाळं’ म्हणून जपली. प्रसिद्ध वास्तुकार फ्रँक गेरीने आखलेलं त्याच्या नावाचं संग्रहालय बांधून होत असतानाच कतरिना आलं आणि पाण्यावर तरंगणाऱ्या एका कॅसिनोची अजस्र बार्ज त्या बांधकामावर येऊन पडली. संग्रहालय तरीही २०१०मध्ये उघडलं. पलीकडच्या ओशन स्प्रिंग्जमध्ये पीटर अँडरसनने १९२८मध्ये सुरू केलेली शियरवॉटर पॉटरी आहे. त्याच्याच नावाने तिथे दर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोठा कलामेळा भरतो. पीटरचा भाऊ वॉल्टर चित्रकार. १९६५च्या बेट्सी वादळात हा माणूस हॉर्न आयलंडवर स्वतःला झाडाला बांधून घेऊन वादळ पाहत राहिला होता. चाळीस वर्षांनी कतरिनाचं पाणी कुटुंबाच्या तिजोरीखोलीत शिरलं आणि त्याची असंख्य चित्रं भिजली. अँडरसन कुटुंबाची बरीच घरं गेली. पॉटरी डागडुजी होऊन चालू झाली, आणि तिथल्या फळ्यांपुढे उभी राहते तेव्हा मला आजही भरून येतं.

बाहेरून येणाऱ्यांना खाऱ्या पाण्याने मेलेल्या ओकच्या खोडांतून कोरलेली शिल्पं फार आवडतात. बिलॉक्सीत हायवे ९०च्या मधल्या पट्ट्यात डॉल्फिन आणि बगळे आहेत, गॅल्व्हस्टनमध्ये आयकनंतर घरोघरच्या अंगणांत अशी शिल्पं उभी राहिली. सुंदर आहेत, मलाही आवडतात. पण ती पाहायला आलेला माणूस फोटो काढून निघून जातो. त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे एखादी विणकर, एखादा काचकाम करणारा उघडं दुकान घेऊन बसलेला असतो. तिकडेही जा, एवढंच माझं म्हणणं.

तर तुमच्यापैकी कुणी ह्यूस्टनला, ऑर्लँडोला, अटलांटाला राहत असाल आणि जायचं मनात असेल, तर वादळानंतरच्या पहिल्या मेळ्याला जमलं तर दिवसाभरासाठी जा. गावातली खोली कामगारांना आणि बेघरांना राहू दे. जेवण मात्र तिथेच करा. दुसऱ्या वर्षी आठवणीने जा, आणि तेव्हा मुक्काम करा. आवडलेली वस्तू बूथवर नसेल तर मागणी नोंदवा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. भट्टीच्या नव्या तारा त्याच पैशांतून येतात. वस्तू हातात पडायला वेळ लागेल. वादळानंतर इलेक्ट्रिशियन आधी घरांकडे जातो, मग शेडकडे येतो, आणि तेच बरोबर आहे.