काएरिमासु म्हणाले आणि घोटाळा झाला

पुण्यात दोन वर्षं जपानी शिकले, एन-४ ही जपानीची परीक्षाही पास झाले. जपानातल्या ताकायामात पहिल्याच सकाळी, दारातल्या दारात तोंडघशी पडले.

उतरले होते एका मिन्शुकुत. म्हणजे राहत्या घरातल्याच चार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. चालवणाऱ्या आजी पंचाहत्तरीच्या असाव्यात. बुटात पाय घालताना मला सांगायचं होतं, फिरून परत येते. तोंडातून निघालं, "काएरिमासु." काएरु म्हणजे परतणं, एवढं पाठ होतं ना! पण काएरु म्हणजे आपापल्या घरी परतणं. यजमानीणबाईंना दारात हे ऐकवायचं म्हणजे "मी चालले माझ्या घरी." आजींचा चेहरा पडला. बुकिंग दोन रात्रींचं. लगबगीने वही आणून त्यांनी उद्याच्या तारखेवर बोट ठेवलं. जेवण आवडलं नाही का, हेही विचारून झालं. (खरं तर नव्हतंच आवडलं. मी शाकाहारी, आणि दाशी, म्हणजे मासळीचं पाणी, प्रत्येक वाटीत. पण ती तक्रार करण्याइतकंही जपानी येत नव्हतं.)

मग मी "देमासु" म्हणून पाहिलं. देरु म्हणजे बाहेर पडणं. आजी आणखी गोंधळल्या, खोलीच सोडतेय की काय! शेवटी "देकाकेमासु" आठवलं, म्हणजे जरा बाहेर जाते, आणि त्या खुदकन हसल्या. मला समोर उभं करून म्हणाल्या, "इत्तेकिमासु." इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येते. जाऊन येते! वर्गात पहिल्या महिन्यात पोपटासारखं घोकलेलं, पण फोड करून कधी पाहिलंच नव्हतं. त्यावर त्यांचं उत्तर, "इत्तेराश्शाइ." जाऊन या.

आमची आजी "जाते" म्हणू द्यायची नाही, "येते म्हण" म्हणून दटावायची. निघालेल्या माणसाला "कुठे" विचारणंही तिला खपायचं नाही, "लांब का?" विचारायचं. इथे रस्ता झाडणाऱ्या शेजारणीने मिन्शुकुच्या आजींना विचारलं, "ओदेकाके देसु का?" बाहेर निघालात वाटतं? उत्तर आलं, "चोत्तो सोको मादे." जरा इथवर. म्हणजे कुठे, ते शेजारणीने विचारलं नाही, आजींनी सांगितलं नाही. दोघी खूश.

त्या दिवशी शिराकावागो हे गाव पाहिलं. गवताच्या उतरत्या छपरांची घरं देखणी, गर्दी असह्य.

निघायच्या सकाळी बूट टोकं रस्त्याकडे करून मांडलेले होते. "सायोनारा" जिभेवर होतं, पण ते फार कायमचं वाटलं. म्हणून "ओसेवा नि नारिमाशिता" म्हटलं, तुम्ही माझं खूप केलंत. आजी रस्त्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या काय, तर "इत्तेराश्शाइ"! मी वळणापर्यंत चारदा मागे पाहिलं, चारही वेळा त्या वाकल्या.

वळणावर लक्षात आलं, चार्जर खोलीतच राहिला. मान खाली घालून परत गेले. दारात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्गाबाहेर म्हणाले, "तादाइमा." आले मी.

आजी चार्जर हातात घेऊनच उभ्या होत्या. "ओकाएरी," म्हणाल्या. आलीस घरी.