एकोणीस मायक्रॉनचा हिशोब

ड्रॉइंग मंजुरीसाठी पाठवलं होतं, ते चौथ्या दिवशी परत आलं. लाल पेनाने एकच ओळ : 'इंपेलर सिमेट्रिक आहे, मग सीजी अक्षावर का नाही?'

सीजी म्हणजे गुरुत्वमध्य, इंपेलर म्हणजे ब्लोअरमधलं हवा ढकलणारं पात्यांचं चाक. प्रश्न रास्त होता. भोसरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ब्लोअर बनतात. हा इंपेलर ४०० मिमी व्यासाचा, १२ पात्यांचा, ९ किलोच्या आसपास, थेट मोटरच्या २८ मिमी शाफ्टवर बसणारा, २९०० आरपीएमचा. ग्राहकाच्या डेटाशीटमध्ये वजन, गुरुत्वमध्य आणि जडत्व भरून द्यायचं होतं. मी इन्व्हेंटर या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आयप्रॉपर्टीज उघडून फिजिकल टॅबवरचे आकडे डोळे झाकून उतरवले. गुरुत्वमध्य अक्षापासून एक्स दिशेला ०.०२२ मिमी, वाय दिशेला ०.००४.

शेजारच्या टेबलावरून सल्ला आला, "शून्य लिहून टाक, कोण बघतंय?" मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण पंख्यांचं बॅलन्सिंग, म्हणजे फिरताना हादरे बसू नयेत म्हणून वजन तोलणं, साधारणपणे जी ६.३ ग्रेडला होतं. हे ६.३ म्हणजे सेकंदाला मिलिमीटर. त्याला कोनीय वेगाने भागलं की गुरुत्वमध्य अक्षापासून किती सरकलेला चालेल ते मिळतं. २९०० आरपीएमला कोनीय वेग ३०३.७ रेडियन प्रति सेकंद, म्हणून मर्यादा येते ०.०२०७ मिमी. माझ्या कागदावर ०.०२२. म्हणजे पत्रा कापायच्या आधीच आमचा इंपेलर नापास!

मग दोन दिवस मॉडेल पिंजत बसलो. पॅटर्नमध्ये कोन ३० अंशच आहे ना, बघितलं. होता. एखादं पातं हबमध्ये, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागात, कमीजास्त घुसलंय का, तेही बघितलं. सगळी पाती उडवून पुन्हा बनवली. आकडा बदलला, पण शून्याकडे जायचं नाव घेईना. मटेरियल स्टील, घनता ७.८५, तेही बरोबर.

शेवटी वैतागून अख्खी बॉडी अक्षाभोवती ४५ अंश फिरवली. आकडे आले एक्स ०.००७, वाय ०.००६. तिथे चमकलो. वस्तू अक्षाभोवती फिरवली तर गुरुत्वमध्यही तिच्यासोबत फिरेल, पण अक्षापासूनचं त्याचं अंतर तेवढंच राहायला हवं. इथे ते २२ मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९ वर आलं होतं. म्हणजे मी जे शोधत होतो ते मॉडेलमध्ये नव्हतंच, हिशोबात होतं.

त्याच टॅबवर 'रिक्वेस्टेड अ‍ॅक्युरसी' असा एक ड्रॉपडाउन आहे. लो, मीडियम, हाय, व्हेरी हाय. माझा लो वर होता. सात वर्षांत त्याला एकदाही हात लावला नव्हता. बरं, सॉफ्टवेअरने काही लपवलंही नव्हतं. वस्तुमानाच्या शेजारी कंसात सापेक्ष त्रुटी किती टक्के ते सरळ लिहिलेलं असतं. मी आजवर तो कंस वाचलाच नव्हता.

सपाट किंवा गोल पृष्ठभाग असले की हे गणित सोपं असतं. आमची पाती मात्र स्प्लाइनवरून, म्हणजे मुक्त वक्र रेषांवरून, लॉफ्ट केलेली, पिळदार. तसल्या पृष्ठभागावर सॉफ्टवेअर ठिकठिकाणचे बिंदू घेऊन बेरीज करतं, आणि लो म्हटलं की बिंदू कमी घेतं. वजनात त्याने फारसं बिघडत नाही. माझं ९.०४ चं ९.०३ झालं, एवढंच. गुरुत्वमध्याची गोष्ट वेगळी. तिथे समोरासमोरची पाती तराजूच्या दोन पारड्यांसारखी एकमेकांना तोलतात आणि उरतो तो फक्त फरक. प्रत्येक पात्याच्या मोजणीतली बारीकशी चूक त्या फरकात उघडी पडते. दहा किलोच्या गोणीत अर्धा ग्रॅम कुणी विचारत नाही, सोनाराच्या काट्यावर विचारतात.

ड्रॉपडाउन व्हेरी हाय केला आणि अपडेट दाबलं. कर्सर बराच वेळ गोल फिरत राहिला, मी चहा घेऊन आलो. एक्स ०.०००. वाय उणे ०.०१९.

एक्स गेला, पण वाय उलट वाढला! पुन्हा बॉडी फिरवून पाहिली. या खेपेला अंतर १९ मायक्रॉनच राहिलं. म्हणजे हे खरं होतं.

उत्तर बॅलन्सिंगवाल्या काकांकडे मिळालं. मी प्रिंट पुढे केली. ती न बघताच त्यांनी विचारलं, "कीवे मारलाय का ह्याला?"

मारला होता. कीवे म्हणजे की बसायची खाच, आणि की म्हणजे शाफ्ट नि हब एकत्र फिरावेत म्हणून मधे बसवायचा स्टीलचा तुकडा. २८ च्या बोअरला, म्हणजे हबच्या भोकाला, ८ रुंदीची की, हबमध्ये ३.३ खोल, ५० मिमी लांब. तेवढ्या खाचेतून साधारण ११ ग्रॅम स्टील जातं, अक्षापासून साडेपंधरा मिमीवरून. गुणाकार १७१, भागिले इंपेलरचे ९,०३० ग्रॅम, उत्तर ०.०१९. कॅल्क्युलेटर काकांच्या टेबलावरच दाबला. इतके दिवस हाच आकडा लो सेटिंगच्या गोंधळाखाली दडून बसला होता.

"मग आम्ही काय करतो," असं म्हणत काकांनी बिस्किटाचा जुना डबा टेबलावर उपडा केला. आतून स्टीलचे तुकडे घरंगळले, ६ चे, ८ चे, १० चे, प्रत्येकाची उंची अर्धी कापलेली. ह्या अर्ध्या की. मोटरवाला त्याचा रोटर शाफ्टच्या खाचेत अर्धी की ठेवून बॅलन्स करतो, आपण हबच्या खाचेत अर्धी ठेवून. पुढे पूर्ण की बसली की दोघांचा हिशोब जुळतो. मानकात हे अगदी लिहिलेलं आहे. मला माहीत नव्हतं, काकांना होतं.

वर येऊन मॉडेलमधल्या खाचेत अर्धी की भरली. अक्युरसी व्हेरी हाय. दोन्ही आकडे शून्य. ड्रॉइंगवर टीप टाकली, 'गुरुत्वमध्य व जडत्व हबमधील अर्ध्या कीसह', आणि सोबत कीशिवायचाही आकडा दिला. मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

हा फेरा एकट्या इन्व्हेंटरचा नाही. सॉलिडवर्क्समध्ये मास प्रॉपर्टीजच्या ऑप्शन्समध्ये अशीच सोय आहे. क्रिओमध्ये मॉडेलचीच अचूकता वेगळी ठरवलेली असते, सापेक्ष असेल तर मूळची ०.००१२. पण सगळीकडे, सगळ्या वेळी व्हेरी हाय ठेवू नका. शंभर पार्टच्या असेंब्लीला मी तो एकदा लावला आणि जेवूनच आलो. ब्रॅकेटच्या वजनाला लो पुरतो. फिरणारी वस्तू असेल आणि प्रश्न गुरुत्वमध्याचा असेल, तेव्हाच मी तो बदलतो.

पंधरवड्याने पहिला इंपेलर मशीनवर चढला, खाचेत अर्धी की ठेवून. पहिल्याच फेरीत काकांना मागच्या चकतीवर १४ ग्रॅमचा तुकडा लावावा लागला. वेल्डिंग माझ्या मॉडेलमध्ये नव्हतंच.